अडचण संपली

पाथर्डीकडच्या वस्त्यांवर बाईला पाळी आली असं कुणी म्हणत नाही, अडचण आली म्हणतात. अडचण आली की देवाच्या खोलीकडे फिरकायचं नाही, चुलीला शिवायचं नाही, लोणच्याच्या बरणीवर सावलीसुद्धा पाडायची नाही. पुढे कधीतरी पंचेचाळिशी-पन्नाशीत ती बंद झाली की म्हणायचं, अडचण संपली. शब्द किती सोयीचा आहे बघा. ज्या कुणी तो पहिल्यांदा वापरला त्याला बाईच्या अडचणी महिन्यातून चारच दिवस असतात असं वाटत असणार, म्हणजे तो बाप्याच असणार.

चंद्रकलाची अडचण संपली ती सत्तेचाळिसाव्या वर्षी. श्रावणात पाळी बंद होऊन बारा महिने पुरे झाले, आणि तिचा नवरा अजिनाथ आईला म्हणाला की आता या नवरात्रात घटाचा दिवा चंद्रकलालाच राखू दे. अजिनाथची आई बायडाबाई, वय शहात्तर. गुडघे गेलेले, डॉक्टरने खाली बसायचं नाही म्हणून बजावलेलं. पण बायडाबाईच्या तोंडावर जी छाया आली ती गुडघ्यांची नव्हती. घट बसला की नऊ दिवस, नऊ माळा, तो दिवा अखंड जळायला हवा. तेल घालायचं, काजळी झाडायची, वात सारायची, आणि हे सगळं अडचण संपलेल्या बाईनेच करायचं, असा त्या घरचा नेम. तो दिवा बायडाबाईने एकतीस वर्षं राखला होता. तेवढे नऊ दिवस वस्तीवरच्या बायका तिच्या पाया पडत, तिच्या हातचं कुंकू लावून घेत, पोरगं आजारी असलं तर तिच्या मांडीवर आणून टाकत. बाकीचे तीनशेछप्पन्न दिवस ती खाटेवरची एक कुरकुरी म्हातारी होती, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

नेम तिनेच एकतीस वर्षं पाळलेला, त्यामुळे नाही म्हणता येईना. तिने घटकाभर विचार केला आणि सगळे जेवायला बसलेले असताना म्हणाली,

"राखू दे की. नऊ दिस दिवा राखला तर लेकरू बी राखंल. आन दिवा राखता न्हाई आला तर लेकरू कसं द्यायचं हिच्या हाती?"

हे बोलणं कुणाला वावगं वाटलं नाही. उलट सगळ्यांनी माना डोलावल्या, जणू म्हातारीने सगळ्यांच्या मनातलंच काढलं. चंद्रकलाच्या हातातला घास तसाच राहिला.

लेकरू म्हणजे छकुली, चंद्रकलाची नात, आठ महिन्यांची. मुलगा पार्थ पाथर्डीला मोबाईलचं दुकान चालवतो, सून निकिता तिथल्याच एका इंग्रजी शाळेत शिकवते. निकिताची रजा दसऱ्याला संपणार होती. मग छकुलीला दिवसभर सांभाळायचं कुणी? एक तर चंद्रकलाने घरी. नाहीतर पार्थ-निकिताने पाथर्डीत खोली करायची आणि निकिताच्या आईला तिथे बोलवायचं. दुसरं झालं असतं तर घरात उरली असती चंद्रकला, अजिनाथ आणि खाटेवर बायडाबाई. छकुली आजीच्या पदराचं टोक तोंडात घालून झोपायची. चंद्रकलाला दुसरं काहीही नको होतं.

निकिताला सासूवर भरवसा नव्हता, आणि त्यात निकिताची चूक नव्हती हेही सांगून टाकायला हवं.

चंद्रकला मुळातच विसराळू. हा शब्द मवाळ झाला. माहेरी तिला भिरकिट म्हणत, शाळेत मास्तर धांदरट म्हणत, आणि लग्न होऊन या घरी आली त्या आठवड्यापासून बायडाबाई येडी म्हणत आली. पाणी आणायला निघालेली बाई वाटेत शेळी सुटलेली बघून शेळीमागे जाई, शेळी बांधताना वाळलेले कपडे दिसले म्हणून ते काढायला लागे, आणि तासाभराने रिकामी घागर विहिरीवर सापडे. आमटीत मीठ एक तर दोनदा पडे नाहीतर पडतच नसे. आळशी म्हणावं तर दिवसभर पायाला भिंगरी बांधल्यासारखी पळे. काम तेवढं पुरं होत नसे. तरी तिने सत्तावीस वर्षं निभावलं. पदराला गाठी मारून, पुढची कामं तोंडाने पुटपुटत, इतर बायकांच्या दुप्पट राबून तिने दोन मुलं वाढवली आणि त्यांतलं एकही कुठे विसरून आली नाही.

शिवाय महिन्यातले चार दिवस तिला बाजूला बसवत. ओट्याच्या कोपऱ्यात गोधडी, वेगळं ताट, वेगळा तांब्या. त्या दिवसांत तिचं डोकं अगदीच चालेनासं होई, हातात धरलेली सुई ती गोधडीभर शोधी. पण बाजूला बसलेल्या बाईला काम कोण सांगणार? चूल नाही, देव नाही, दूध नाही. त्यामुळे तिचे सगळ्यांत वाईट दिवस कुणाच्या डोळ्यांवर आलेच नाहीत, तिच्या स्वतःच्याही नाही. विटाळ मानून का होईना, घराने तिला तेवढी सूट दिली होती.

पंचेचाळिशी उलटली आणि अडचण चुकायला लागली. दोन महिने नाही, मग पंधरा दिवसांत दोनदा, मग चार महिने पत्ता नाही. झोप उडाली. भर थंडीत अंगाची लाही होई आणि पोलकं घामाने चिंब होई. राग तर असा येई की परातीतलं पीठ भिंतीवर फेकावं. आणि विसरणं असं वाढलं की पदराला मारलेली गाठ कशासाठी मारली तेच आठवेना. चारच्या जागी महिनाभर ते दिवस आले, आणि बाजूला बसायची सोय मात्र गेली. आता ती कायमची शुद्ध झाली होती ना.

ज्येष्ठात एक दिवस निकिता बँकेत गेली होती. चंद्रकलाने गॅसवर दूध ठेवलं, छकुली शेजारच्या झोळीत झोपलेली. तेवढ्यात लाईट आली म्हणून मोटर चालू करायला ती मळ्यात गेली. तिथे गवारीत गवत दिसलं. ते उपटता उपटता दीड तास गेला. निकिता परत आली तेव्हा घर धुराने भरलं होतं, पातेलं लाल झालं होतं आणि चार महिन्यांची पोर झोळीत खोकून खोकून निळी पडत चालली होती. पोर वाचली. त्या दिवसापासून निकिता अंघोळीला जातानासुद्धा छकुलीला बायडाबाईच्या खाटेवर ठेवायला लागली.

मग नगरला नर्सिंग शिकणारी लेक धनश्री आली आणि आईला धरून एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी दोन तास विचारलं. शाळेत काय व्हायचं, माहेरी काय म्हणायचे, रांगेत उभं राहवतं का, बोलताना दुसऱ्याचं वाक्य तोडता का. आणि शेवटी विचारलं की पाळीच्या आसपास जास्त विसरायला व्हायचं का. ओट्याचा कोपरा चंद्रकलाला आठवला. मग ती हळूच म्हणाली, व्हय, पर तवा कुनी बगत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की याला एडीएचडी म्हणतात, हे जन्मापासूनचं असतं. लक्ष नसतं असं नाही, लक्ष आपल्या हुकमात राहत नाही. बाईच्या अंगात इस्ट्रोजेन नावाचं द्रव्य असतं, ते मेंदूला टेकू देतं. पाळीच्या तोंडावर ते थोडं उतरतं आणि पाळी जायच्या वयात कायमचं उतरतं. साध्या बाईलाही त्याचा त्रास होतो, आणि जिचं डोकं आधीच टेकूवर उभं आहे तिचं तर विचारूच नका. चंद्रकलाने एकच विचारलं, ह्यात माजा दोष हाय का. नाही म्हटल्यावर ती त्या खुर्चीत बसून हमसून हमसून रडली. सत्तेचाळीस वर्षांत हे तिला पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की भूक लागली.

घरी आल्यावर तो हलकेपणा ओट्यावरच उतरला. अजिनाथ म्हणाला, डॉक्टरला काय, कशालाही नाव देतात. बायडाबाई म्हणाली, अडचण आमची बी संपली, आमी न्हाई कुनाचं दूध जाळलं. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेल्या गोळ्या ती रोज सकाळी घेऊ लागली आणि घरात त्यांना येडाच्या गोळ्या हे नाव पडलं. पण गोळीने गुण येऊ लागला. आठवडी बाजारातून घरी आल्यावर कान निवतात तसं काहीसं तिच्या डोक्यात व्हायला लागलं. सगळे दिवस सारखे नसत, पण हाती घेतलेली भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत ती तिथे उभी राहू लागली. आणि नेमकं तेव्हाच दिवा तिच्या पदरात आला.

तिने तो कसा राखला हे ऐकण्यासारखं आहे. धनश्रीने फोनवर दर दोन तासांचा गजर लावून दिला, रात्रीचेही. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून चंद्रकलाने त्यावर नऊ दिवसांच्या उभ्या आणि दर दोन तासांच्या आडव्या रेघा मारल्या आणि देवघराच्या दाराला टांगला. तेल घातलं की खूण करायची. गोड्या तेलाची बुधली, जादा वाती, काडेपेटी, सगळं एका ताटात दाराशी. पहिली माळ झाली, दुसरी झाली. कारळ्याच्या फुलांचा पिवळा ढीग घटावर चढत गेला, धान्याला कोंब फुटले. ती देवघरातच चटईवर पडे, गजराआधीच जागी होई. तिच्या अंगातून वाफा निघत, डोळे चुरचुरत, पण दिवा जळत होता. पाचव्या माळेला वस्तीवरच्या केशरबाई दर्शनाला आल्या आणि म्हणाल्या की चंद्रकलाने हो चांगला राखलाय दिवा, वात कशी स्थिर आहे. मग त्या चंद्रकलाच्या पायाशी वाकल्या. त्यांच्यामागच्या दोघीही वाकल्या. खाटेवर बायडाबाई हात थोडे पुढे करून बसली होती, कुंकवाचा करंडा मांडीवर. तिच्याकडे कुणी आलंच नाही. तिने करंड्याचं झाकण लावलं.

सातव्या माळेला निकिता आपण होऊन छकुलीला चंद्रकलाच्या मांडीवर ठेवून अंघोळीला गेली. चंद्रकलाला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आनंदाने.

आठवी माळ. अजिनाथ बाजरीच्या कापणीवर, पार्थ दुकानात. बाराचा गजर झाला, चंद्रकलाने दिव्यात काठोकाठ तेल घातलं, वात सारली. खूण करायला पेन्सिल उचलली आणि छकुली रडली. तिने पेन्सिल ठेवली, पोरीला उचललं, शांत केलं, निकिताकडे दिलं आणि गोठ्यात शेण काढायला गेली. पुठ्ठ्यावरची बाराची जागा कोरी राहिली.

दोनचा गजर गोठ्यातच झाला. हात धुऊन, पुसून ती आली, दाराशी ठेवलेली बुधली उचलली आणि देवघराच्या उंबऱ्यावर थबकली. बायडाबाई घटापुढे बसली होती. गुडघे गेलेली, तीन महिने जमिनीवर न टेकलेली बायडाबाई पाय मुडपून खाली बसली होती. तिने अंगठा आणि बोट जिभेला लावलं आणि वात चिमटली. चर्र असं बारीक वाजलं. धुराची एक रेघ वर गेली आणि फुलांत शिरली. दिव्यात तेल अर्ध्याच्या वर होतं, ते दारातूनही दिसत होतं.

"आत्याबाई, ह्ये काय केलं तुमी?"

बायडाबाईने मान वळवली. दचकली वगैरे मुळीच नाही.

"दिवा गेल्ता. तेल न्हवतं," ती म्हणाली. "आन ती बुधली हिकडं."

आणि चंद्रकलाने बुधली दिली. सत्तावीस वर्षं सासूने मागायचं आणि सुनेने द्यायचं, हात आपोआप पुढे झाला. बायडाबाईने दिवा काठोकाठ भरला, नवी वात लावली, काडी ओढली. सगळं नीटनेटकं झाल्यावर मगच तिने गळा काढला. आठव्या माळेला दिवा गेला गं बया, घरावर काय येतंय आता. मधल्या खोलीतून निकिता छकुलीला खांद्यावर घेऊन आली. बायडाबाईने तिला अजिनाथला फोन लावायला सांगितलं.

अजिनाथ आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने हातपाय धुतले, देवघराबाहेर बसला आणि शांतपणे विचारायला लागला. चंद्रकलाने सांगितलं, आत्याबाईंनी वात चिमटून विझवली, मी डोळ्यांनी बघितलं, दिव्यात तेल होतं. बायडाबाई म्हणाली, तेल होतं तर मग आत्ता मी ओतलं ते कुठे गेलं. तिच्या बोटांना काजळी आहे म्हणावं, तर नवी वात लावल्यावर काजळी लागणारच.

अजिनाथने विचारलं की बाराला तेल घातलं होतंस का. ती हो म्हणाली. त्याने पुठ्ठ्याकडे बोट केलं. बाराची जागा कोरी. तिने सांगितलं, पोर रडली म्हणून खूण राहिली. त्याने निकिताकडे बघितलं, निकिता म्हणाली पोर रडली हे खरं, पण तेल घातलेलं मी पाहिलं नाही. मग त्याने विचारलं की सकाळची गोळी घेतली का. चंद्रकला आठवू लागली. घेतली असणार. रोज घेते. पण आज पाण्याचा तांब्या हातात होता तो गोळीसाठी की चहासाठी? तिने पाकीट आणून गोळ्या मोजल्या, पण आधीचं पाकीट कोणत्या दिवशी संपलं तेच ध्यानात येईना.

"गेल्या साली कपाटाची किल्ली हारवली तवा काय म्हनली हुतीस?" अजिनाथने विचारलं. "कपाटावर ठिवल्याली डोळ्यांनी बगितली म्हनलीस का न्हाई?"

"म्हनले."

"आन सापडली कुटं?"

"पिठाच्या डब्यात."

"मग?"

तिच्या डोळ्यांसमोर अजून ती दोन बोटं होती, जीभ होती, धुराची रेघ होती. पण किल्लीसुद्धा अशीच दिसली होती, अगदी अशीच, कपाटावर, उन्हात चमकत. ज्या माणसाच्या डोक्याला जन्मभर सगळ्यांनी खोटं पाडलं, त्याने त्या डोक्याच्या बाजूने किती वेळ उभं राहायचं? चंद्रकला उभी राहिली साधारण पाऊण तास. तिच्या मानाने हे पुष्कळ होतं, पण ते कुणी मोजत नव्हतं.

शेवटी बायडाबाईने हत्यार काढलं. छकुलीकडे बघत ती म्हणाली,

"माज्यावर खुशाल आळ घे. पर देवी बगती हाय. खोटं बोलशील तर त्ये तुला न्हाई बाधायचं, ह्या लेकराला बाधंल."

छकुली निकिताच्या खांद्यावर हात चोखत होती. चंद्रकलाने तिच्याकडे बघितलं. आपण बघितलं ते खरं असेल तर आपलं काही जात नाही. पण नसेल तर? नसेल, आणि आपण अडून बसलो, आणि पोरीला काही झालं तर? तिने घटापुढे गुडघे टेकले. मीच इसरले, ती म्हणाली. तेल घालायचं मीच इसरले. मग तिने जमिनीवर नाक घासलं. बायडाबाई म्हणाली, अजून, आणि तिने अजून घासलं. नाकाची कातडी सोलवटली तेव्हा अजिनाथ म्हणाला पुरे. नवव्या माळेचा दिवा बायडाबाईने राखला. वस्तीवरच्या बायका आल्या, बायडाबाईच्या पाया पडल्या, आणि चंद्रकलाच्या नाकाकडे बघून एकमेकींकडे बघत निघून गेल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पार्थने टेम्पो आणला. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरला होता, त्यातून तो कसाबसा वस्तीच्या वाटेशी येऊन थांबला. गादी, पाळणा, मिक्सर, कपाट चढलं. पार्थ दोर आवळत होता. चंद्रकला रस्त्यापर्यंत छकुलीला घेऊन आली. निकिताने पोरीला घ्यायला हात पुढे केले आणि मग खाली घेतले. ती सासूला टेम्पोच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेली.

"आई, एक सांगते. आजींनी वात चिमटली ते मी मधल्या खोलीतून पाहिलं होतं."

चंद्रकलाला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिने पोरीला घट्ट आवळलं. म्हणजे तिने खरंच बघितलं होतं. बोटं खरी होती. धूर खरा होता. तिचं डोकं खरं बोललं होतं.

"मग त्या दिशी बोलली का न्हाईस गं?"

"मी बघत होते, तुम्ही टिकताय का," निकिता म्हणाली. आवाजात राग नव्हता, दुष्टपणाही नव्हता. वर्गातल्या मुलाला गुण का कापले ते सांगावं तशी ती बोलत होती. "तासभरही नाही टिकलात. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तुम्ही स्वतःच पुसून टाकलंत. उद्या छकुली पडली आणि कुणी तुम्हाला म्हणालं की पडलीच नाही, तर तुम्ही तेही मान्य कराल. मी तिला कशी ठेवू तुमच्याकडे?"

"आत्ता चल. आत्ता समद्यांम्होरं सांग."

"नाही. मला या घरी येणं-जाणं ठेवायचंय. कुणी विचारलंच तर मी म्हणेन, मी काही पाहिलं नाही."

आणि तिने छकुलीला काढून घेतलं. पोरीच्या मुठीत पदराचं टोक होतं, ते बोट बोट उघडून सोडवावं लागलं. टेम्पो सुरू झाला, वळला, ट्रॅक्टरांच्या रांगेत शिरला. पार्थने हात केला. चंद्रकला धूळ बसेपर्यंत तिथेच उभी राहिली.

रस्त्यापासून घर दोन शेतांवर. ती भराभरा चालायला लागली. घरी जायचं, अजिनाथपुढे उभं राहायचं आणि सांगायचं, निकितानेही बघितलंय. पहिल्या बांधापर्यंत ते वाक्य तिच्या तोंडात पक्कं होतं. दुसऱ्या बांधावर तिच्या डोळ्यांपुढे अजिनाथ आला, हातपाय धुऊन शांत बसलेला. तो निकिताला फोन लावील. निकिता नाही म्हणेल. मग तो विचारील, किल्ली कुटं सापडली? तुरीच्या कडेला चंद्रकलाची चाल मंदावली. निकिता नक्की काय म्हणाली? मधल्या खोलीतून पाहिलं म्हणाली. की पाहिलं असेल म्हणाली? मधल्या खोलीतून घट दिसतो का? टेम्पोचं इंजिन चालू होतं, पोर कुरकुरत होती, आणि आपल्याला जे ऐकायचं होतं तेच ती बोलली, हे जरा जास्तच झालं नाही का? आजची गोळी घेतली होती का?

ओट्यावर आली तेव्हा फोन वाजत होता. धनश्री होती. निघाले का ते, असं तिने विचारलं. निघाले, चंद्रकला म्हणाली. मग धनश्री म्हणाली, "आई, मला खरं सांग. त्या दिवशी दिवा कशानं विझला?"

खाटेवर बायडाबाई डोळे मिटून पडली होती. आत पाळण्याच्या जागी जमिनीवर चार खुणा राहिल्या होत्या.

"मीच इसरले," चंद्रकला म्हणाली, आणि हे तिला खरंच आठवत होतं.